ॲल्युमिनियम लाजत नाही

हरमटानचे दिवस. वाळवंटातली धूळ
कुमासीवर पिठासारखी बसलेली,
हसायला गेलं की ओठ उलतात.
माम डुफी हातगाडीवर फ्रीजर घालून
आमच्या शेडमध्ये शिरते.
बर्फ खरवडताना सुरी निसटली, म्हणते.
सुरी जावयाची. हे ती तीनदा सांगते.

भोक मोहरीएवढं.
त्यातून गॅस गेला, मग गारवा,
मग चार टोपल्या मासे,
मग गल्लीतली पत.

मास्टर अंतवी बोट फिरवून भोक शोधतात.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
शेजारचे फिटर म्हणतात, म्हाताऱ्यानं आता आवरावं.
माझी उमेदवारी संपायला,
डोक्यावर पावडर ओतून घ्यायला,
अजून अकरा महिने.

"सेरवा, ब्रश."
हा ब्रश फक्त ॲल्युमिनियमचा;
चुकून लोखंडाला लागला
तर मास्टर त्या दिवशी जेवत नाहीत.
मी घासते. राखाडी कातडी जाते,
खाली कोरं, पांढरं,
पण श्वास घेईतो हवेनं
त्यावर नवी साय धरलेली असते.
दिसत नाही, आणि चिवट इतकी
की आतल्या धातूचं पाणी झालं
तरी ही तशीच.

लोखंड बिचारं सांगूनसवरून तापतं,
आधी निळं, मग गाजरासारखं.
ॲल्युमिनियम लाजत नाही, रागावत नाही,
जसंच्या तसं बसून राहतं, सोज्वळ,
आणि एकाएकी
नसतंच.

पहिल्या वर्षी मी असाच एक पत्रा घालवला.
पापणी मिटावी तसा तो आत पडला.
पैसे मास्टरांनी भरले. बोलले काही नाहीत.
फक्त माल्टच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडायला लावली
आणि तीच बुजवायला.
एकशे बारा डबे.
त्यातले किती वाचले, विचारू नका.

ज्योत भोकावर धरायची नाही. भोवती. फिरती ठेवायची.
काठीवर तर मुळीच नाही:
काठी वितळेल, पण थेंब पत्र्यावर मण्यांसारखे लोळतील,
कुणी कुणाला धरणार नाही.
तापायचं पत्र्यानं, वितळायचं काठीनं.

मी साबणाची रेघ ओढते.
ती तपकिरी होते. मग काळी.
"आता, मास्टर?"
"मला काय विचारतेस? काठीला विचार."
माझ्या मनगटावर त्यांचा हात, हलका.
"टेकव. ओढ. कसं लागतंय?"
"पाटीवरच्या खडूसारखं."
"थांब."
पंखा बंद. माम डुफीसुद्धा गप्प.
"आता?"
आता खडू नाही. आता काठी
शिआच्या लोण्यात शिरल्यासारखी.
"खरवड. त्या सायीखाली जा."
मी जाते. टोकाशी चांदीचा एक ओला ठिपका
पसरतो, भोकाच्या काठाला चिकटतो,
आणि ज्योत बाजूला.

सायकलचा पंप, साबणाचा फेस.
फेस स्वस्थ.
मग कडेला एक बुडबुडा, टाचणीच्या डोक्याएवढा,
फुगतो, फुगतो, फुटतो.
मास्टरांना तो दिसला नाही.
"झालं?" ते विचारतात.
माझ्याकडे माम डुफी बघते, मी तिच्याकडे.
"नाही," मी म्हणते, आणि पुन्हा ब्रश उचलते.

दुसऱ्यांदा फेस सुकेपर्यंत आम्ही बघत बसलो.

"एवढ्याशा ठिपक्याचे इतके पैसे?"
"ठिपक्याचे नाहीत, बाई," मास्टर म्हणतात,
"आजूबाजूचा जो पत्रा वितळला नाही, त्याचे."
ती दहा कमी देते. ते मोजत नाहीत.

हातगाडी वळवता वळवता
ती कमरेच्या कापडातून
वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती सुरी काढते:
"हिचं टोक तेवढं बोथट करून दे, पोरी."
मी ग्राइंडर लावते.
ठिणग्या उडाल्या, टोक भराभर लाल,
क्षणात सगळं
सांगून मोकळं.